वामन सरदेसाई आणि सोडवणेचा आवाज

मुलांनो, लग्नपत्रिका छापण्यासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागते, असे कोणी सांगितले तर तुम्हांला हसू येईल. पण गोव्यात एके काळी खरोखर तसे होते. वर्तमानपत्र, पुस्तक, हस्तपत्रक तर सोडाच. घरच्या मंगल कार्याची पत्रिकासुद्धा आधी सरकारी अधिकाऱ्याला दाखवावी लागे. त्याने शिक्का मारला तरच छापखान्याचे यंत्र फिरे. या अधिकाऱ्याला सेन्सॉर म्हणत. लोकांनी काय वाचावे, हे तो ठरवी.

गोव्यावर तेव्हा पोर्तुगालचे राज्य होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्क या पोर्तुगीज सेनानीने विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेतला. शहरातील मुसलमान रहिवाशांची त्याने कत्तल केली. तेव्हापासून साडेचारशे वर्षे ही सत्ता टिकली. विसाव्या शतकात पोर्तुगालमध्ये सालाझार नावाचा हुकूमशहा आला. तो खुद्द आपल्या देशातील वर्तमानपत्रांनाही मोकळे लिहू देत नसे, मग गोव्याची काय कथा? १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात जाहीर सभा घेण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना अटक झाली. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा या ज्येष्ठ देशभक्ताला पकडून लष्करी न्यायालयापुढे उभे केले गेले. त्यांना आठ वर्षांची शिक्षा झाली आणि समुद्रापार पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात नेऊन ठेवण्यात आले. त्यांचा मुख्य अपराध म्हणजे त्यांचे लेखन आणि भाषण.

गोवा आपल्यापासून फार दूर आहे, म्हणून हे परके वाटू देऊ नका. आपला गडचांदूर-राजुऱ्याचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. वर्धा नदी ही सीमा. नदीच्या अलीकडे एक सरकार आणि पलीकडे दुसरे. पलीकडे उघड विकली जाणारी वर्तमानपत्रे अलीकडे बाळगणे धोक्याचे ठरे. उर्दू दैनिक ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांना निर्भीड लेखनापायी ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत प्राण गमवावे लागले. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी त्या काळाच्या गोष्टी आपल्या वडिलांकडून ऐकल्या असतील. जरूर विचारा.

वामन सरदेसाई हे गोव्याचे सुपुत्र. भारत १९४७ साली स्वतंत्र झाला, पण गोवा तसाच पारतंत्र्यात राहिला. याची खंत ज्या गोमंतकीय तरुणांना स्वस्थ बसू देत नव्हती, त्यांच्यापैकी ते एक होते. गोव्यात राहून तोंड उघडणे म्हणजे तुरुंगाची वाट धरणे. म्हणून अशा अनेक तरुणांनी सीमेबाहेर राहून काम सुरू केले. मुंबई हे त्यांचे मोठे केंद्र होते. तेथे पत्रके निघत, सभा होत, गोव्यात चोरवाटेने कागद पाठवले जात.

१९५५ साल उजाडले आणि परिस्थिती आणखी बिकट झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी भारतातून हजारो निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले. पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळीबार केला. वीसहून अधिक सत्याग्रही ठार झाले. संतापलेल्या भारत सरकारने गोव्याशी व्यवहार तोडले. सीमा बंद झाली, आगगाडी बंद झाली. हे पाऊल योग्यच होते, परंतु त्याचा एक दुष्परिणाम झाला. पूर्वी प्रवाशाच्या पिशवीतून, गाडीच्या डब्यातून जो थोडाफार छापील कागद गोव्यात पोहोचत असे, त्याची वाटही अरुंद झाली. आत राहिलेल्या लाखो माणसांना बाहेर काय चालले आहे हे सांगायला उरले मुख्यतः सरकारच. पणजीला सरकारी नभोवाणी केंद्र होते. भारताविषयी वाईट आणि पोर्तुगालविषयी चांगले, असा त्याचा सूर असे.

कागद नाक्यावर अडवता येतो. माणसाची झडती घेता येते. पण नभोवाणीच्या लहरींना नाका नसतो. डोंगर, नदी, तारेचे कुंपण ओलांडून त्या पलीकडच्या घरातील रेडिओत उतरतात. हे हेरून स्वातंत्र्यसैनिकांनी स्वतःचे नभोवाणी केंद्र काढण्याचे ठरवले.

यंत्र कोठून आणायचे? त्याचीही गंमत आहे. १९५४ साली स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगीजांचे प्रदेश मुक्त केले होते. तेथे पोर्तुगीजांची बिनतारी संदेशयंत्रे हाती लागली होती. त्यांत फेरफार करून नभोवाणीचे प्रक्षेपण यंत्र तयार झाले. ज्या यंत्रातून पूर्वी हुकूम सुटत, त्यातून आता त्या हुकमांना उत्तर जाणार होते.

जागा निवडली आंबोलीची. आंबोली हे सावंतवाडीजवळ सह्याद्रीच्या माथ्यावर सुमारे ७०० मीटर उंचीवर वसलेले गाव आहे. तेथून खाली कोकण आणि गोव्याचा उत्तर भाग जवळ पडतो. तेथील रानात यंत्र बसवले गेले. वामन सरदेसाई, लिबिया लोबो आणि निकोलाव मिनेझिस हे तिघे कामाला लागले. लिबियाबाई मूळच्या गोव्याच्या, मुंबईत शिकलेल्या. मिनेझिस काही काळाने बाहेर पडले, आणि मग सारा भार वामनराव व लिबियाबाई या दोघांवर आला.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजी पहिले प्रक्षेपण झाले. ही तारीख मुद्दाम निवडलेली होती. बरोबर ४४५ वर्षांपूर्वी याच दिवशी गोवा पडला होता. केंद्राचे कोकणी नाव होते ‘सोडवणेचो आवाज’. सोडवण म्हणजे मुक्ती, सुटका. आणि ‘आवाज’ तर तुमच्या उर्दूतलाच शब्द! फारसीतून निघालेला हा शब्द मराठीत आणि कोकणीत असा काही रुळला आहे, की तो बाहेरून आला हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कार्यक्रम दोन भाषांत असत, कोकणी आणि पोर्तुगीज. कोकणी ही घराघरांतील बोली. मग पोर्तुगीज कशाला, असा प्रश्न तुम्ही विचाराल. गोव्यातील शिकलेला वर्ग पोर्तुगीज शाळांत शिकलेला होता. कचेऱ्यांतील कारकून, वकील, डॉक्टर ती भाषा वाचत-लिहीत. शिवाय पोर्तुगीज अधिकारी आणि सैनिक यांच्याही कानांवर खरी बातमी पडावी, असा हेतू होता. ज्याला पटवायचे त्याच्या भाषेत बोलावे, हे या दोघांना चांगले ठाऊक होते.

रोज ठरलेल्या वेळी आवाज यायचाच. एक दिवस जरी केंद्र मुके राहिले असते तरी केंद्र पकडले गेल्याची आवई उठली असती. त्यासाठी दिवसभर राबावे लागे. बाहेरून येणारी वर्तमानपत्रे वाचायची, निरनिराळ्या देशांची नभोवाणी केंद्रे ऐकायची, टिपणे काढायची, त्यांतून बातमीपत्र लिहायचे, दुसऱ्या भाषेत उतरवायचे आणि मग ध्वनिक्षेपकापुढे बसून वाचायचे. पणजीच्या केंद्राने काही खोटे सांगितले असेल तर त्याला उत्तर द्यायचे. आफ्रिकेत पोर्तुगालच्या वसाहतींत काय चालले आहे, गोव्याविषयी जगातील नेते काय म्हणतात, हे गोव्याच्या वर्तमानपत्रांत कधी येत नसे; ते या केंद्रावर येई.

आणि हे सारे जंगलात. आपल्याला जंगल नवे नाही. माणिकगडच्या डोंगरात संध्याकाळनंतर जाताना मोठी माणसेही दोनदा विचार करतात. आंबोलीच्या रानात बिबटे आणि साप तर आहेतच, पण त्याहून कठीण आहे तेथला पाऊस. महाराष्ट्रातील सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांत आंबोलीची गणना होते. जूनमध्ये धुके उतरले की महिनोन्‌महिने सूर्य नीट दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, कागद दमट होतात. अशा ओलीत यंत्र चालू ठेवायचे होते. आप्तेष्टांपासून दूर, कोणाला पत्ता न कळू देता राहायचे होते. बंदूक घेऊन एकदा धाडसाने तुटून पडणे वेगळे आणि सहा वर्षे रोज तेच काम न कंटाळता करणे वेगळे. मला तर दुसरे अधिक अवघड वाटते.

पुढे हे केंद्र कॅसलरॉकजवळच्या रानात हलवण्यात आले. आज हे ठिकाण कर्नाटकात आहे. गोव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सीमेअलीकडचे हे शेवटचे भारतीय स्थानक. आगगाडी येथे येऊन थांबत होती. आवाज मात्र पुढे जात होता.

गोव्यात तेव्हा वीज मोजक्याच शहरांत होती आणि रेडिओही थोड्याच घरांत. पण एकाने ऐकले की दहांना कळे. दारे-खिडक्या लावून, आवाज बारीक करून लोक ऐकत. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने जिंकलेल्या देशांतील लोक लंडनचे बीबीसी केंद्र असेच चोरून ऐकत असत. आपल्याकडेही १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात, वर्तमानपत्रांवर बंधने आली तेव्हा, अनेक घरांत बातम्यांसाठी बीबीसी लावले जाई. सरकार कोणाचेही असो, घरातल्या बातमीवर विश्वास उरला नाही की माणूस कान बाहेर लावतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘सोडवणेचो आवाज’ हे काही त्रयस्थ केंद्र नव्हते. ते भारताच्या भूमीवर होते आणि गोवा मुक्त व्हावा यासाठीच बोलत होते. पणजीचे केंद्र एका बाजूचे, तर हे दुसऱ्या बाजूचे. मग लोकांनी याच्यावर विश्वास का ठेवावा? कारण पणजीत बसलेल्या सरकारला कोणी खोटे पाडले तर ते त्याला तुरुंगात टाकू शकत होते. जंगलातील या दोघांकडे तसली सत्ता नव्हती. त्यांची एखादी बातमी खोटी निघाली असती तर श्रोत्याने फक्त कळ फिरवली असती आणि सारे कष्ट पाण्यात गेले असते.

डिसेंबर १९६१ मध्ये भारत सरकारने सैन्य पाठवण्याचा निर्णय घेतला. त्याआधी पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरण यावे, उगाच रक्तपात होऊ देऊ नये, असा संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा निरोप याच केंद्रावरून पुन्हा पुन्हा देण्यात आला. एवढे महत्त्वाचे काम त्या जंगलातल्या केंद्रावर सोपवले गेले, यावरून ते गोव्यात ऐकले जाते याची सरकारला खात्री होती हे दिसते.

१८ डिसेंबरला भारतीय सेना गोव्यात शिरली. त्या दिवशी सकाळी वायुदलाच्या विमानांनी दाबोळीचा विमानतळ आणि बांबोळी येथील बिनतारी केंद्र यांवर बाँब टाकले. लिस्बनहून सालाझारने अखेरपर्यंत लढण्याचा हुकूम दिला होता. गव्हर्नर जनरल व्हासालू इ सिल्व्हा यांनी तो मानला नाही. निष्कारण माणसे मारण्यापेक्षा त्यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. पोर्तुगालमध्ये मात्र वर्तमानपत्रे घनघोर लढाईच्या बातम्या छापत होती. खरे सांगणारे कोणी नव्हते!

आता गोव्यातील जनतेला ही बातमी कशी सांगावी? वामनराव आणि लिबियाबाई यांना वायुदलाच्या विमानात बसवण्यात आले. विमानाला ध्वनिवर्धक लावला होता. गोव्याच्या आकाशात घिरट्या घालत त्यांनी पोर्तुगीज आणि कोकणी भाषेत गोवा मुक्त झाल्याचे जाहीर केले आणि वरून पत्रके सोडली. सहा वर्षे ज्यांचा केवळ आवाज लोकांनी बंद दारांआड ऐकला होता, ते आता भर उजेडात डोक्यावरून बोलत होते. खालची माणसे अंगणात येऊन वर पाहू लागली.

केंद्राचे काम संपले होते. ते बंद झाले. पुढे वामनराव आणि लिबियाबाई विवाहबद्ध झाले. वामनराव भारताच्या परराष्ट्र सेवेत गेले. लिबियाबाईंनी गोव्याच्या पर्यटन खात्याचे संचालकपद सांभाळले.

हुकूम न पाळल्याबद्दल व्हासालू इ सिल्व्हा यांना सालाझारने सैन्यातून काढून टाकले. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमध्ये क्रांती झाली आणि तेथील सेन्सॉर संपला. सैनिकांनी निघावे, याची खूण नभोवाणीवर लावलेल्या दोन गाण्यांनी दिली होती. त्यानंतर व्हासालू इ सिल्व्हा यांना त्यांचा हुद्दा परत मिळाला.

वामन सरदेसाई यांचे १९९४ साली निधन झाले. २०२५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, लिबियाबाईंना भारत सरकारने ‘पद्मश्री’ देण्याचे जाहीर केले, तेव्हा आंबोलीच्या त्या केंद्राची हकिकत देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली.