मोटार घडविण्याचा ध्यास : शेठ वालचंद हिराचंद

मध्य रेल्वेच्या कोपर स्थानकात दोन लोहमार्ग एकमेकांना ओलांडतात. खालून मुंबई-कल्याण मार्ग जातो, वरून दिवा-वसई. या परिसरातून पूर्वेला कल्याण-शीळ रस्त्याकडे गेले की प्रीमियर हे नाव कानी पडते. एकेकाळी येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा मोटारींचा कारखाना होता. कारखान्याची धडधड थांबून बराच काळ लोटला. मात्र ज्या पुरुषाने या कंपनीची मुहूर्तमेढ रोवली, त्या शेठ वालचंद हिराचंद यांचे चरित्र या भागाला परके नाही. भारतात मोटार नुसती जोडायची नाही, तर घडवायची, हा त्यांच्या उत्तरायुष्याचा ध्यास होता.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. दोशी हे मूळचे गुजरातमधून आलेले आणि महाराष्ट्रात स्थिरावलेले जैन कुटुंब. सावकारी व कापसाचा व्यापार हा घरचा व्यवसाय. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे शिक्षण घेऊनही पदवी पदरात पडली नाही. पेढीवर बसून व्याज मोजण्यात त्यांचे मन रमेना. रेल्वेच्या नोकरीतून बाहेर पडलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचे कंत्राट घेतले. गुजराती वळणाचा व्यापारी आणि रेल्वेची कामे जाणणारा मराठी कारकून यांची ही जोडी चांगली जमली. पुढे बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची कामे आणि १९२६ मधील हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना असा त्यांचा आलेख चढत गेला.

बांधकामाने त्यांना धन दिले. कीर्ती मात्र जहाजांनी दिली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून घेतलेली लॉयल्टी ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाली. नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह वालचंदांनी उभारलेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ती पहिली सफर होती. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांनी दरयुद्ध पुकारून या कंपनीचा श्वास कोंडण्याचा प्रयत्न केला. त्यातून वालचंद एक धडा शिकले. जो देश आपली वाहने स्वतः बनवत नाही, त्याचा व्यापार दुसऱ्याच्या मर्जीवर चालतो. हा धडा त्यांनी पुढे रस्त्यावरील वाहनांनाही लावला.

त्या काळी भारतात मोटारी होत्या, मोटारीचा कारखाना मात्र नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जोडणीचा कारखाना काढला होता आणि फोर्डचीही जोडणी येथे चालत होती. परदेशातून पेट्यांत भरून आलेले सुटे भाग येथे जोडले जात. इंजिन ओतणे, गिअर कापणे, आस घडविणे ही कामे दूरदेशीच राहत. बसचीही हीच कथा होती. बस म्हणजे बहुधा ट्रकच्याच चासीवर चढविलेला सांगाडा. लाकूड आणि पत्रा वापरून तो येथील कारागीर बांधीत. खालची चासी मात्र विलायती किंवा अमेरिकी असे. गावोगावी धावणाऱ्या सर्व्हिस मोटारींचा वरचा भाग देशी आणि प्राण परदेशी, असा हा प्रकार होता.

या स्थितीत बदल घडविण्याची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास तयार केली होती. वालचंदांनी ती उचलून धरली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ असताना या योजनेला सरकारी पाठिंबा मिळण्याची चिन्हे दिसू लागली. वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, पण क्रायस्लरशी सूत जुळले. नेमके त्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नोव्हेंबरमध्ये प्रांतिक मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. केंद्रातील ब्रिटिश सरकारने या कारखान्याला युद्धोपयोगी उद्योग मानण्यास नकार दिला. युद्धाच्या काळात यंत्रे, पोलाद आणि परकीय चलन सरकारी संमतीवाचून मिळणे अशक्य होते. लष्कराला ट्रकांची निकड असतानाही ते येथे घडवू दिले नाहीत, हे शल्य वालचंदांना बोचत राहिले.

मोटारीसाठी केलेल्या त्याच प्रवासात एका अमेरिकी विमान-व्यावसायिकाची गाठ पडली आणि त्यातून वेगळेच बीज रुजले. म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमच्या जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. विमानाचा कारखाना सरकारने १९४२ मध्येच आपल्याकडे घेतला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही स्वप्नांपैकी मोटारच सर्वांत मागे पडली.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि कुर्ला येथे कारखाना उभा राहिला. १९४७ च्या सुमारास क्रायस्लर घराण्यातील डॉज, प्लिमथ या मोटारी आणि ट्रक तेथून बाहेर पडू लागले. आरंभ जोडणीनेच झाला; मात्र दरवर्षी एकेक भाग येथे बनवायचा, ही दिशा ठरलेली होती. १९५१ मध्ये इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले. याच काळात राज्यातील प्रवासी वाहतुकीचे रूप पालटत होते. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एसटी निघाली, ती विलायती बेडफर्ड होती. देशाने बस चालविणे हाती घेतले, पण बस बनविणे अजून हाती आलेले नव्हते. युद्धकाळात वाया गेलेल्या वर्षांची किंमत अशी मोजावी लागत होती.

दुर्दैवाने वालचंदांच्या हाती फार काळ उरला नव्हता. १९४९ मध्ये पक्षाघाताने त्यांना गाठले आणि पुढच्या वर्षी ते व्यवसायातून निवृत्त झाले. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी, टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, ज्या कंपन्यांची येथे निर्मितीची योजना नाही त्यांनी जोडणीही करू नये, असे धोरण भारत सरकारने स्वीकारले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपले येथील कारखाने आवरते घेतले. वालचंद ज्या तत्त्वासाठी चौदा वर्षे झगडले, ते राष्ट्रीय धोरण झाले, पण ते पाहण्यास ते उरले नाहीत.

त्यानंतरचा इतिहास संमिश्र आहे. प्रीमियरची फियाट पुढे पद्मिनी या नावाने मुंबईची टॅक्सी बनली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिने शहराचा निरोप घेतला. परंतु परवान्यांच्या भिंतीआड स्पर्धाच नसल्याने मूळ आराखडा दशकानुदशके तसाच राहिला. भाग देशी झाले; नवी मोटार स्वतः रेखाटण्याचे बळ मात्र पुरेसे आले नाही. उदारीकरणानंतर कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात फ्रान्सच्या प्यूजोच्या भागीदारीत १९९४ पासून प्यूजो ३०९ ही मोटार बनू लागली. तो संसार जेमतेम तीन वर्षे टिकला. कारखाना बंद पडला आणि त्यावर विसंबलेल्या कामगार कुटुंबांना त्याची झळ सोसावी लागली.

वालचंदांच्या हातून सरकारकडे गेलेले बंगळूर आणि विशाखापट्टणम येथील कारखाने आजही चालू आहेत. घराण्याकडे राहिलेला मोटारीचा उद्योग मात्र लोपला. म्हणून त्यांचा आग्रह चुकीचा ठरत नाही. परक्याचे भाग जोडण्यावर समाधान मानू नये, हे त्यांनी सांगितले आणि करून दाखविण्यास आरंभ केला. घडविण्याच्या पुढची पायरी म्हणजे सतत नवे रचणे. ती चढण्याचे काम त्यांच्या वारसांकडे आणि देशाकडे होते. त्या कामातील कसूर आरंभ करणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.