खडीच्या रस्त्याचा मॅकॅडम

आपल्या नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वरचा रस्ता मग खचतो. रस्त्याचा भार अखेर खालची मातीच पेलते, तेव्हा आधी तिला कोरडी ठेवा, हे ठासून सांगणारा जॉन मॅकॅडम १७५६ साली स्कॉटलंडमध्ये जन्मला. वडील गेल्यावर पोरवयात न्यूयॉर्कला काकांकडे गेला, १७८३ साली परतला. १८१६ मध्ये ब्रिस्टलचे रस्ते त्याच्या हाती आले. तळाशी मोठे दगड बसवण्याची रीत त्याने मोडली. रस्ता उंच घेतला, कडेने चर खणले, वर बारीक खडी पसरली. ती फोडायला म्हातारे, बायका, पोरे बसत. त्यांची नावे मला कुठे आढळली नाहीत. मॅकॅडम १८३६ साली वारला. आपल्या काळ्या मातीला मात्र नुसते चर पुरत नाहीत. ती काढून मुरूम भरतात, नाहीतर चुना मिसळून तिचे फुगणे कमी करतात.