बंदरावर अडवलेला माणूस

इलेक्ट्रिकलच्या पोरांना स्टाइनमेट्झ हे नाव बहुधा ओरलच्या आदल्या रात्री भेटतं. ट्रान्सफॉर्मरचा कोअर लॉस, हिस्टेरेसिस लूप आणि फ्लक्स डेन्सिटीच्या डोक्यावर बसलेला तो १.६ चा विचित्र घातांक. तो दोन का नाही, दीड का नाही, असं सहसा कुणी विचारत नाही. एक्स्टर्नलने विचारलंच, तर प्रयोगातून आलाय सर, असं म्हणून सुटायचं. आणि गंमत म्हणजे ते उत्तर बरोबरच असतं! पण ज्या माणसाने तो घातांक काढला, त्याला जेमतेम अडीच वर्षं आधी अमेरिकेच्या बंदरावरून परत पाठवायची तयारी झाली होती, हे काही टेक्स्टबुकात छापलेलं नसतं. आपल्यातले अर्धेअधिक जण जी.आर.ई.चे शब्द पाठ करत बसलेले असताना ही गोष्ट माहीत असायला हवी, असं मला वाटतं.

त्याचं मूळ नाव कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ स्टाइनमेट्झ. जन्म ९ एप्रिल १८६५, गाव ब्रेस्लाउ. तेव्हा हे शहर प्रशियात होतं, आज ते पोलंडमध्ये आहे आणि त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. वडील रेल्वेत नोकरीला. आई तो लहान असतानाच गेली. वडिलांना आणि आजोबांना होतं तसंच पाठीला कुबड त्यालाही जन्मापासून होतं, कमरेच्या सांध्यातही दोष होता, आणि उंची वाढून वाढून चार फुटांच्या आसपास येऊन थांबली. डोकं मात्र असं, की ब्रेस्लाउच्या विद्यापीठात गणित शिकायला गेल्यावर मित्रांनी त्याचं नाव प्रोटियस ठेवलं. प्रोटियस म्हणजे ग्रीक पुराणातला, हवी ती रूपं घेणारा म्हातारा सागरदेव. कॉलेजात पडलेली नावं किती चिकट असतात हे तुम्हाला सांगायला नको. हे नाव त्याला आयुष्यभर पुरलं.

गणिताबरोबर त्याला दुसरा एक नाद लागला, समाजवादाचा. जर्मनीत बिस्मार्कचे समाजवाद्यांविरुद्धचे कायदे १८७८ पासून लागू होते. सभा बंद, पेपर बंद, पकडापकडी चालू. हा पठ्ठ्या एका समाजवादी पेपराचं संपादन करत होता. डॉक्टरेटचा प्रबंध तयार होता, पदवी हातात पडायची तेवढी बाकी होती, तोच पोलिसांचा ससेमिरा मागे लागला. १८८८ साली तो निसटला आणि स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकला पोचला. पदवी राहिली ती राहिलीच. (थीसिस सबमिट करायला उशीर झाला म्हणून गळा काढणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्यावं.)

झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये तो काही काळ इंजिनिअरिंग शिकला. तिथे त्याला ऑस्कर अस्मुसेन भेटला. हा मूळचा डेन्मार्कचा, पण अमेरिकेत राहून आलेला विद्यार्थी. त्याने अमेरिकेला परत जायचं ठरवलं आणि स्टाइनमेट्झलाही बरोबर घेतलं. तिकिटाचे पैसेही त्याचेच. स्टाइनमेट्झकडे होतं काय? गणित, थोडी ओळखपत्रं आणि मोजके इंग्रजी शब्द.

जून १८८९ मध्ये जहाज न्यूयॉर्कला लागलं. एलिस बेट तेव्हा सुरू व्हायचं होतं (ते सुरू झालं १ जानेवारी १८९२ ला). येणाऱ्यांची तपासणी कॅसल गार्डन नावाच्या गोल इमारतीत व्हायची. इथे तेव्हाचा कायदा समजून घेतला पाहिजे, कारण खरा पेच तिथेच होता.

१८८२ च्या कायद्याने गुन्हेगार, वेडे आणि स्वतःचं पोट भरू न शकल्यामुळे सरकारवर भार होतील अशा लोकांना प्रवेश बंद होता. ठीक आहे, मग सांगावं की नोकरी ठरली आहे. पण तेही चालत नव्हतं! १८८५ च्या कायद्याने बाहेरच्या माणसाशी आधीच नोकरीचा करार करून त्याला आणणं हाच गुन्हा ठरवला होता. कारखानदार परदेशातून स्वस्तातले मजूर आणून इथल्या लोकांची मजुरी पाडतात, ही कामगार संघटनांची तक्रार त्यामागे होती. मालकाला माणसामागे हजार डॉलर दंड. देशात नव्या असलेल्या उद्योगासाठी कुशल कारागीर मिळत नसेल तर सूट होती, पण ती वापरायलाही आधी मालक भेटायला हवा. आज एच-वन-बीसाठी आधी तिथल्या कंपनीने अर्ज केलेला लागतो, ऑफर नाही तर काहीच नाही. तेव्हा नेमकं उलटं. नोकरी आहे म्हणावं तरी पंचाईत आणि नाही म्हणावं तर पोट कसं भरणार, या प्रश्नाला खिशातल्या पैशाशिवाय दुसरं उत्तर नाही.

आणि त्याचा खिसा रिकामा होता. अधिकाऱ्यासमोर उभा होता चार फुटांचा, पाठीत वाकलेला, इंग्रजी न येणारा, पैसे नसलेला चोवीस वर्षांचा तरुण. त्याला कॅल्क्युलस किती येतं हे तपासायचा रकाना त्या फॉर्मात नव्हता. अधिकाऱ्याने नकाराकडे झुकावं यात नवल नाही, त्याने त्याचं काम केलं. त्याचे चरित्रकार सांगतात की अस्मुसेन मध्ये पडला. त्याने आपल्याजवळच्या नोटा काढून दाखवल्या, हे पैसे आम्हा दोघांचे आहेत, हा मोठा गणिती आहे आणि त्याची जबाबदारी माझी, असं त्याने सांगितलं. झालं, सुटका झाली. मला विचाराल तर अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या इतिहासात या अस्मुसेनचा एक पुतळा पाहिजे होता!

नोकरी मिळाली तीही एका स्थलांतरितामुळेच. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावात रुडॉल्फ आइकमायर नावाचा जर्मन कारखानदार होता. १८४८ च्या क्रांतीनंतर जर्मनी सोडून आलेला. टोप्या तयार करायच्या यंत्रांवर त्याने पैसा केला होता आणि आता तो विजेच्या मोटरींच्या मागे लागला होता. ओळखपत्र घेऊन स्टाइनमेट्झ त्याच्याकडे गेला. मुलाखत जर्मनमध्ये झाली, त्यामुळे निदान तिथे तरी भाषा आडवी आली नाही. ड्राफ्ट्समन म्हणून आठवड्याला बारा डॉलर पगार ठरला, म्हणजे दिवसाला दोन डॉलर. ड्रॉइंग काढता काढता हा माणूस काय चीज आहे हे आइकमायरच्या लक्षात आलं, आणि त्याने कारखान्यातच त्याला प्रयोगशाळा थाटून दिली.

इथून पुढचं वेगाने घडलं. लोखंडाचा कोअर ए.सी.वर चालवला की तो उलटसुलट चुंबकित होताना प्रत्येक सायकलला थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. किती जाते, हे मशीन बनवण्याआधी नेमकं सांगता येत नव्हतं. बनवा, चालवा, तापलं तर परत बनवा, असा कारभार. स्टाइनमेट्झने आधी दुसऱ्यांची मोजमापं घेऊन बसवून पाहिली, मग स्वतः ढिगाने रीडिंग्ज घेतली आणि १९ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्ससमोर पेपर वाचला. लॉस हा महत्तम फ्लक्स डेन्सिटीच्या १.६ व्या घाताच्या प्रमाणात. कसलीही थिअरी नाही, नुसता आकड्यांशी प्रामाणिकपणा. आजच्या स्टीलला आणि फेराइटला १.६ तंतोतंत लागू पडत नाही, घातांक बदलतो. पण समीकरणाला अजून त्याचंच नाव आहे आणि चार्जरमधल्या ट्रान्सफॉर्मरचं डिझाइन करणारे आजही ते वापरतात.

दुसरं काम तर आपण रोजच वापरतो. १८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत त्याने ए.सी. सर्किट सोडवायला कॉम्प्लेक्स नंबर्स वापरायची पद्धत मांडली. त्याआधी साध्या सर्किटसाठीही डिफरन्शियल इक्वेशन किंवा कंपासपट्टी घेऊन आकृत्या. याने ते सगळं बेरीज-वजाबाकीवर आणून ठेवलं. एम-टू मध्ये ज्यांची दांडी उडाली असेल त्यांनी त्याचे आभार मानावेत. त्याच वर्षी आर्थर केनेली यानेही इम्पीडन्स कॉम्प्लेक्स नंबरने मांडला होता, आणि हे केनेलीसाहेब जन्माने मुंबईच्या कुलाब्याचे! तेही १८८७ मध्ये अमेरिकेत एडिसनकडे नोकरीला गेलेले. टेस्ला १८८४ चा. ए.सी.ची ही सगळी मंडळी बोटीनेच आलेली.

जनरल इलेक्ट्रिक कंपनी १८९२ मध्ये स्थापन झाली आणि तिने लवकरच आइकमायरचा कारखाना विकत घेतला. पेटंटांसाठी घेतला की या एका माणसासाठी, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. तो आधी लिनला आणि १८९४ पासून स्केनेक्टडीला गेला, तो कायमचा. नाव त्याने बदललं. कार्लचा चार्ल्स झाला, आणि मधलं नाव लावायचं म्हटल्यावर त्याने कॉलेजातलं प्रोटियस घेतलं. यथावकाश नागरिकत्व मिळालं. १९०१ मध्ये ज्या संस्थेसमोर पेपर वाचला होता तिचा तो अध्यक्ष झाला. युनियन कॉलेजात त्याने शिकवलं. ब्रेस्लाउला राहिलेल्या डॉक्टरेटच्या जागी हार्वर्ड आणि युनियनच्या पदव्या आल्या.

फोर्डच्या कारखान्यात जनरेटरवर खडूने फुली मारून दहा हजार डॉलरचं बिल लावल्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. गोष्ट झकास आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. खरा स्टाइनमेट्झ त्याहून मजेशीर होता. तोंडात सिगार, घरी निवडुंगांचं काचघर आणि पाळलेल्या मगरी. सुट्टीत होडीत फळी आडवी टाकून तिच्यावर गणितं करायचा. आपला आजार पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून त्याने लग्न केलं नाही. सहायक जोसेफ हेडनला दत्तक घेतलं आणि त्याचा सगळा संसार आपल्या घरी आणला, तीन नातवंडांसकट.

आणि जी मतं घेऊन तो जर्मनीतून पळाला होता, ती त्याने बंदरावर टाकून दिली नव्हती. अमेरिकेतल्या बड्या कंपनीचा बडा इंजिनिअर, आणि समाजवादीच! १९११ मध्ये स्केनेक्टडीत समाजवादी महापौर निवडून आला तेव्हा स्टाइनमेट्झ शाळामंडळावर गेला, पुढे त्याचा अध्यक्ष झाला, आणि स्थलांतरितांच्या मुलांसाठी खास वर्ग काढले. १९२२ मध्ये त्याने लेनिनला पत्र लिहून रशियाच्या विद्युतीकरणात मदत देऊ केली. लेनिनचं उत्तरही आलं. त्याच वर्षी तो न्यूयॉर्क राज्यात निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. कंपनीने त्याला काही केलं नाही. प्रयोगशाळेत कृत्रिम वीज पाडून दाखवणाऱ्या माणसाला कोण हात लावणार?

२६ ऑक्टोबर १९२३ ला तो गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. तोवर दार बरंच लोटलं गेलं होतं. १९०७ च्या कायद्याने, कमाईवर परिणाम होईल असा शारीरिक दोष डॉक्टरने नोंदवला तर प्रवेश नाकारायची तरतूद आली. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानसह आशियाचा मोठा भाग बाद केला. नागरिकत्वाच्या कायद्यातला 'गोरा' हा शब्द तर स्टाइनमेट्झच्या आधीपासूनच होता, फक्त त्याला तो आडवा आला नाही. १९२३ च्याच फेब्रुवारीत, अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या भगतसिंग थिंड यांना त्याच शब्दावरून तिथल्या सुप्रीम कोर्टाने नागरिकत्व नाकारलं. हिंदुस्थानी माणसाला ते मिळायला १९४६ साल उजाडावं लागलं.

स्केनेक्टडीत वेंडेल अव्हेन्यूवर स्टाइनमेट्झचं घर होतं तिथे आता बाग आहे. घर पाडलं गेलं, मगरींचा हौद आणि काचघरही गेलं.