कलामहर्षी केकी मूस

वाघूर नदीच्या काठी पहूर गाव वसले आहे. गावाच्या दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. ती रांग सर्वांस एकच. परंतु तिच्याकडे पाहणारे अनेक. आषाढात शेतकरी मान वर करून पाहतो, तेव्हा त्याची दृष्टी शिखरावरील मेघांवर खिळते. गुराख्यास उतारावरचे कोवळे गवत दिसते. लेणी पाहावयास निघालेल्या प्रवाशाच्या मनात त्या डोंगराच्या पोटातील चित्रे आधीच उमटू लागतात. डोळे सर्वांचे सारखे, पण मन ज्याचे त्याचे निराळे. मनुष्य केवळ डोळ्यांनी पाहत नाही. तो मनानेही पाहतो. ही गोष्ट ज्याने आपल्या छायाचित्रांतून दाखवून दिली, असा एक थोर कलावंत आपल्या खानदेशातच होऊन गेला. त्याचे नाव केकी मूस.

पूर्वी जामनेरहून पहूरमार्गे पाचोऱ्यास एक लहान आगगाडी जात असे. पाचोऱ्यास मुंबईकडे जाणारी मोठी गाडी धरली, की पुढे चाळीसगाव लागे. त्या चाळीसगावात केकी मूस यांनी आपले जवळजवळ सारे आयुष्य वेचले.

त्यांचे पूर्ण नाव कैखुश्रू माणेकजी मूस. त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. कुटुंबाचा व्यवसाय चाळीसगावी होता. मुलाने तो व्यवसाय सांभाळावा, अशी घरच्यांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु केकींचे चित्त बालपणापासून चित्रकलेत रमलेले होते. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. वडिलांच्या निधनानंतर आईने मुलाची ओढ ओळखली आणि त्यास कलेच्या अभ्यासासाठी विलायतेस जाऊ दिले. १९३५ च्या सुमारास ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी चित्रकलेबरोबरच छायाचित्रणाचेही शिक्षण घेतले. युरोपातील थोर चित्रकारांच्या कृती अभ्यासिल्या.

सतराव्या शतकातील डच चित्रकार रेम्ब्रां याच्यावर त्यांची विशेष भक्ती जडली. रेम्ब्रांच्या चित्रांत बहुतेक भाग अंधारात असतो आणि एखाद्या चेहऱ्यावर किंवा हातावर तेवढा प्रकाश पडलेला असतो. काय दाखवावे, याइतकेच काय अंधारात ठेवावे, हेही चित्रकाराने ठरवावयाचे असते, हा धडा केकींनी त्याच्यापासून घेतला. पुढे चाळीसगावच्या आपल्या घरालाही त्यांनी रेम्ब्रांचेच नाव दिले.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ते स्वदेशी परतले. मुंबईसारख्या नगरीत राहिले असते, तर कीर्ती व संपत्ती त्यांच्याकडे चालत आली असती. परंतु ते चाळीसगावी आले आणि आपल्या घरात त्यांनी जणू स्वतःस कोंडून घेतले. पुढील सुमारे ५० वर्षांत ते घराबाहेर क्वचितच पडले. मग असा मनुष्य छायाचित्रे घेणार तरी कशाची? हिमालय त्याच्या अंगणात नव्हता. समुद्र त्याच्या खिडकीतून दिसत नव्हता. कलावंताला जग पाहिजे असते, आणि यांनी तर जगाकडे पाठ फिरविलेली!

ह्या अडचणीतून केकी मूस यांनी जो मार्ग काढला, त्यामुळेच त्यांचे नाव झाले. त्यांनी जगच आपल्या मेजावर आणले. घरातील साध्यासुध्या वस्तू मेजावर मांडावयाच्या, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडावयाचा आणि त्यांतून डोंगर, अरण्य, हिमाच्छादित प्रदेश अशी दृश्ये छायाचित्रात उभी करावयाची, ह्या कलेस मेजावरील छायाचित्रण, अर्थात टेबल-टॉप फोटोग्राफी म्हणतात. ह्या कलेत केकी मूस यांनी असामान्य प्रावीण्य मिळविले.

हे कसे साधते, ते समजून घेण्यासारखे आहे. एका मेजावर थोडा कापूस पसरावा, त्यात दोनचार वाळक्या काटक्या खोचाव्या आणि मागे राखी रंगाचा कागद उभा करावा. उभे राहून पाहिले, तर तो कापूस व त्या काटक्याच दिसतील. परंतु कॅमेरा मेजाच्या पातळीवर आणून ठेवला आणि एका बाजूने तिरपा प्रकाश सोडला, की काटक्यांच्या लांब सावल्या कापसावर पडतात. छायाचित्रात तोच कापूस बर्फ भासतो आणि त्याच काटक्या पाने गळालेले वृक्ष होतात. ह्याचे कारण असे, की आपण दोन डोळ्यांनी पाहतो, म्हणून जवळच्या वस्तूंचे अंतर आपल्यास कळते; कॅमेऱ्याला मात्र एकच डोळा असतो. शिवाय कापसाशेजारी एखादा पेला किंवा चमचा दिसला असता, तर वस्तूंचा खरा आकार आपण ताबडतोब ओळखला असता. छायाचित्रकार असे काहीही चौकटीत येऊ देत नाही. मग आकार ठरविण्याचे काम पाहणाऱ्याच्या मनाकडे येते. आणि मन आपल्या आठवणीतला डोंगर तेथे नेऊन बसविते.

म्हणजे त्या चित्राचा अर्धा भाग छायाचित्रकार घडवितो आणि उरलेला अर्धा पाहणारा पुरा करतो.

मग ही फसवणूक नव्हे काय, असे कोणी विचारील. तसे म्हणता येणार नाही. मूस यांची ही चित्रे मेजावरची चित्रे म्हणूनच ओळखली जात. जो खोटे खरे म्हणून खपवितो, तो फसवितो. मूस तर आपली दृष्टी कशी चालते, हेच आपल्यास दाखवीत होते. यंत्र खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणतो. परंतु यंत्र कोठे ठेवावे, प्रकाश कोणत्या बाजूचा घ्यावा, चौकटीत काय घ्यावे आणि काय वगळावे, हे सर्व मनुष्यच ठरवितो. अजिंठ्याच्या डोंगराचे छायाचित्र घेणाराही हेच करीत असतो. म्हणून कोणतेही छायाचित्र समोर आले, म्हणजे ते घेणारा कोठे उभा होता आणि चौकटीबाहेर काय राहिले असेल, असे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

मूस यांनी माणसांचीही छायाचित्रे घेतली. सुरकुतलेल्या, कष्टाने रापलेल्या चेहऱ्यांत त्यांस सौंदर्य दिसे. ते चित्रे काढीत, मूर्ती घडवीत, कागदाच्या घड्या घालून आकृती करीत. संगीतातही त्यांस गोडी होती. देशविदेशांतील प्रदर्शनांत त्यांच्या छायाचित्रांस पारितोषिके मिळाली. त्यांची संख्या सुमारे ३०० सांगितली जाते. त्यांच्या कृती जगभर हिंडल्या. ते स्वतः मात्र आपल्या खोलीतच राहिले.

अशा एकाकी पुरुषाविषयी लोकांत गोष्टी पसरल्याखेरीज कशा राहतील? रोज रात्री पंजाब मेल येण्याच्या वेळी ते घराची दारे उघडीत, दिवे लावीत आणि एका प्रिय व्यक्तीच्या वाटेकडे डोळे लावून दोघांचे भोजन मांडून ठेवीत, असे सांगतात. ती व्यक्ती कधी आली नाही. कोणी त्यांस विक्षिप्त म्हटले, कोणी दुःखी म्हटले, तर कोणी कलामहर्षी म्हणून गौरविले. मनुष्य एकच होता. परंतु ज्याने त्याने आपल्या मनासारखे त्याचे चित्र काढले. त्या बंद घरात त्यांनी काय गमावले, हे आपल्यास मोजता येणार नाही. माणसांची संगत, प्रवास, उघडे आकाश ह्यांची किंमत थोडी नसते. परंतु जे त्यांच्याजवळ उरले होते, ते त्यांनी इतक्या लक्षपूर्वक पाहिले, की दूरच्या माणसांसही त्यात नवे जग दिसले.

३१ डिसेंबर १९८९ रोजी केकी मूस यांचे निधन झाले. त्यांचे घर व त्यांच्या कलाकृती चाळीसगावी जतन करून ठेवल्या आहेत. मुलांनो, कधी त्या बाजूस जाण्याचा योग आला, तर ते घर अवश्य पाहा. आणि तोपर्यंत एक करून पाहा. संध्याकाळी दिवा लागला, म्हणजे मूठभर पीठ ताटात पसरा, डोळा ताटाच्या कडेपाशी न्या आणि दुसरा डोळा मिटून घ्या. तुम्हांस त्या पिठात काय दिसते, ते वहीत लिहून ठेवा. शेजारी बसलेल्या भावंडालाही लिहावयास सांगा. दोघांचे लिहिणे ताडून पाहिले, म्हणजे केकी मूस यांनी आयुष्यभर काय शोधले, ते थोडेसे तुमच्या ध्यानी येईल.