शिल्पकार गणपतराव म्हात्रे

लखनौच्या बनारसी बागेतील राज्य संग्रहालयात मथुरेची प्राचीन शिल्पे पाहताना आपल्यापैकी अनेकांची पावले थबकली असतील. त्या मूर्तींतील मानवी देह परंपरेने घालून दिलेल्या प्रमाणांतून साकारला आहे. समोरच्या जिवंत माणसाचे निरीक्षण करून देह घडविण्याची पाश्चात्त्य पद्धत आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात कलाशाळांतून रुजली. त्या पद्धतीला मराठी रूप देणारे शिल्पकार म्हणजे गणपतराव काशिनाथ म्हात्रे.

त्यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातला. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १८९६ साली, विशीच्या आसपासच्या या विद्यार्थ्याने ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प प्लॅस्टरमध्ये घडविले. नऊवारी नेसून देवळाकडे निघालेली एक मराठी तरुणी, एवढाच त्याचा विषय. परंतु लुगड्याच्या चुण्यांतून तिच्या चालीचा डौल आणि देहाची ठेवण अशी प्रकटली आहे की, वस्त्र आणि शरीर वेगळे काढता येऊ नये.

त्याच सुमारास, १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या शिळाछापखान्यातून देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचू लागली होती. रविवर्म्यांनी देवींना मानवी रूप दिले. गणपतरावांनी सामान्य घरातील मुलीस देवतेची प्रसन्नता दिली. इंग्लंडात सर जॉर्ज बर्डवुड यांनी या शिल्पाचा गौरव केला, तर रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यावर बंगालीत लेख लिहिला.

पुढे गणपतरावांकडे व्यक्तिशिल्पांची कामे येत गेली. अहमदाबादेतील राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा त्यांचाच, आणि मुंबईतील न्यायमूर्ती रानडे यांचा पुतळाही त्यांचाच. अशा कामांवरच त्या काळी शिल्पकाराचा चरितार्थ चाले. मनाजोगते विषय घडविण्यास अवकाश थोडाच उरे. १९४७ साली त्यांचे निधन झाले.

राजेरजवाड्यांचे पुतळे घडविणाऱ्या या कलावंताचे नाव आज स्मरते ते मात्र कोणीही न सांगता घडविलेल्या एका निनावी मुलीमुळे. संगमरवराचे भाग्यही तिला लाभले नव्हते. घरापासून दूर वाढणाऱ्या आपल्या मुलांना गावाकडे नेताना वाटेत मुंबईस मुक्काम पडला, तर तिची ओळख त्यांना अवश्य करून द्यावी. आपल्या आजीची चाल त्यांना तिच्यात दिसेल.