शिवराम महादेव परांजपे
शिवराम महादेव परांजपे (जन्म : महाड, २७ जून १८६४, मृत्यू : पुणे, २७ सप्टेंबर १९२९) हे मराठीतील राजकीय निबंधकार, वक्ते आणि ‘काळ’ या साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक होते. ‘काळकर्ते’ या नावाने ते ओळखले जातात.

शिक्षण
महाड व रत्नागिरी येथील शिक्षणानंतर ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दाखल झाले. १८८४ साली मॅट्रिक परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. एम. ए. झाल्यावर काही काळ त्यांनी पुण्यातील महाराष्ट्र कॉलेजात संस्कृतचे अध्यापन केले.

‘काळ’ साप्ताहिक
२५ मार्च १८९८ रोजी ‘काळ’चा पहिला अंक निघाला. प्लेगचा कहर आणि रँडवधानंतरची दडपशाही यांनी पुणे भयभीत झाले होते. लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. त्याच वर्षी भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अची व्याप्ती वाढवण्यात आली. सरकारविषयी द्वेष वा तुच्छता निर्माण करणारे लेखनही त्या कक्षेत आले. उघड टीका धोक्याची झाल्याने परांजपे यांनी वक्रोक्ती, उपरोध आणि रूपककथा यांचा आश्रय घेतला. वरवर स्तुतीचे वाटणारे वाक्य प्रत्यक्षात निंदेचे असे. इतिहासातील वा पुराणातील प्रसंगाआडून चालू राजकारणावर भाष्य होई. वाचकाला अर्थ उमगे, पण कायद्याला शब्द पकडणे कठीण जाई. पूर्ण स्वातंत्र्याची आकांक्षा तरुणांच्या मनात रुजवण्यात या लेखनाचा मोठा वाटा होता. विनायक दामोदर सावरकर हे ‘काळ’च्या तरुण वाचकांपैकी एक होते. १९०५ साली पुण्यात झालेल्या विदेशी कापडाच्या होळीच्या प्रसंगी टिळकांबरोबर परांजपे यांचेही भाषण झाले.

खटला आणि ‘काळ’ची अखेर
मुझफ्फरपूरच्या बॉम्बस्फोटानंतर वृत्तपत्रांवर खटल्यांचे सत्र सुरू झाले. जून १९०८ मध्ये परांजपे यांना अटक झाली. त्यांच्या खटल्याच्या निमित्ताने मुंबईस गेलेल्या टिळकांनाही तेथेच पकडण्यात आले. जुलैमध्ये परांजपे यांना १९ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. ऑक्टोबर १९०९ मध्ये त्यांची सुटका झाली. १९१०च्या मुद्रण कायद्याखाली सरकारने १०,००० रुपयांचा जामीन मागितल्याने ‘काळ’ बंद पडला. ‘काळातील निवडक निबंध’ हे दहा खंडही जप्त झाले. ज्या निबंधांवर त्यांची कीर्ती उभी होती, ते अनेक वर्षे वाचकांपर्यंत पोहोचू शकले नाहीत.

उत्तरायुष्य
१९२० साली त्यांनी ‘स्वराज्य’ साप्ताहिक सुरू केले आणि महात्मा गांधींच्या असहकार चळवळीचा पुरस्कार केला. मुळशी सत्याग्रहातील सहभागाबद्दल १९२२ मध्ये त्यांना सहा महिन्यांचा कारावास भोगावा लागला. १९२९ मध्ये बेळगाव येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

साहित्य
‘गोविंदाची गोष्ट’ व ‘विंध्याचल’ या कादंबऱ्या, शेक्सपिअरच्या ‘मॅक्बेथ’वर आधारित ‘मानाजीराव’ व कर्णाच्या जीवनावरील ‘पहिला पांडव’ ही नाटके आणि ‘मराठ्यांच्या लढायांचा इतिहास’ (१९२८) हे त्यांचे उल्लेखनीय लेखन होय.

मूल्यमापन
संस्कृतप्रचुर, अलंकृत आणि दीर्घ वाक्यरचना हे त्यांच्या शैलीचे वैशिष्ट्य. आजच्या वाचकाला ती क्वचित पाल्हाळिक वाटते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा निबंध प्रतिपादनावर भर देणारा आणि टिळकांचा अग्रलेख युक्तिवादप्रधान होता. परांजपे यांनी राजकीय लेखनात काव्य आणि उपरोध आणला. मराठी निबंधाच्या इतिहासात त्यांचे स्थान मुख्यत्वे याच कारणाने स्वतंत्र मानले जाते.