विश्लेषण : ‘ल सामुराई’चा एकाकी मारेकरी घडवणारे जाँ-पिएर मेलव्हिल कोण होते?

पावसाळी पॅरिस, करड्या भिंतींची खोली, पिंजऱ्यात एक पक्षी आणि पलंगावर सिगारेट ओढत पडलेला भाडोत्री मारेकरी. १९६७च्या ‘ल सामुराई’ या फ्रेंच चित्रपटात पहिली सुमारे दहा मिनिटे एकही संवाद नाही. अ‍ॅलन डेलॉनने साकारलेल्या या जेफ कॉस्टेलोच्या अबोलपणाची मुळे दिग्दर्शक मेलव्हिल यांच्या आयुष्यात सापडतात.

खरे नाव वेगळेच होते?

मेलव्हिल यांचा जन्म २० ऑक्टोबर १९१७ रोजी पॅरिसमध्ये, ज्यू कुटुंबात झाला. मूळ आडनाव ग्रुम्बाख. जर्मनीने फ्रान्स व्यापल्यावर ते नाझीविरोधी भूमिगत चळवळीत गेले. तिथे टोपणनाव हवे म्हणून ‘मोबी डिक’चे लेखक हर्मन मेलव्हिल यांचे आडनाव त्यांनी घेतले आणि युद्धानंतरही तेच ठेवले. १९४२मध्ये त्यांचा भाऊ जॅक स्पेनकडे निसटताना पिरेनीज पर्वतात मारला गेला. खोटे नाव, मोजके बोलणे, कोणावरही पुरता विश्वास न ठेवणे हे भूमिगतांचे नियम पुढे त्यांच्या पडद्यावरच्या गुन्हेगारांमध्येही दिसतात.

स्वतःचा स्टुडिओ का उभारला?

युद्धानंतर त्यांना सहायक दिग्दर्शकाचा परवाना मिळाला नाही. मग त्यांनी स्वतःचीच निर्मिती संस्था काढली. ‘ल सिलाँस द ला मेर’ (१९४९) करताना, चळवळीतील लोकांना चित्रपट पसंत पडला नाही तर निगेटिव्ह जाळून टाकण्याची तयारी त्यांनी दाखवली होती. चित्रपट पसंत पडला. पुढे पॅरिसच्या जेनेर रस्त्यावर त्यांनी स्टुडिओ थाटला. राहायलाही ते तिथेच होते. कमी पैशांत, कुणाच्या परवानगीविना काम करण्याची ही पद्धत गोदार आणि इतर नव्या फ्रेंच दिग्दर्शकांना वाट दाखवणारी ठरली.

१९६७मध्ये काय घडले?

‘ल सामुराई’चे काम सुरू असतानाच, जूनमध्ये स्टुडिओला आग लागली. वीस वर्षे जपलेले स्वातंत्र्य ज्या वास्तूत होते, तीच गेली. चित्रपटातला पक्षीही त्यात दगावला. तरीही मेलव्हिल यांनी चित्रपट पूर्ण केला आणि ऑक्टोबरमध्ये तो झळकला.

नंतर काय झाले?

भूमिगत चळवळीवरच्या ‘लार्मे देझोम्ब्र’वर (१९६९) फ्रान्समध्ये द गॉलधार्जिणा अशी टीका झाली. अमेरिकेत तो २००६मध्ये पोहोचला, तेव्हा समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. ते पाहायला मेलव्हिल नव्हते. २ ऑगस्ट १९७३ रोजी, ५५व्या वर्षीच त्यांचे निधन झाले होते. जॉन वू यांचा ‘द किलर’ (१९८९) आणि जिम जारमुश यांचा ‘घोस्ट डॉग’ (१९९९) यांतले मारेकरी मात्र कॉस्टेलोचेच वारसदार आहेत.